दूखस: आयर्लंडच्या दुष्काळाच्या आठवणी फुकटात वाचा, पण 'दुष्काळ' या मथळ्यापासून सुरुवात करू नका

आयर्लंडमधल्या 1845 ते 1852 च्या दुष्काळाचा इतिहास पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो गावोगावी कसा आठवला गेला, घरात काय सांगितलं गेलं, हे बघायचं तर दूखस डॉट आयई या संकेतस्थळाला तोड नाही. रोमनमध्ये डी, यू, सी, एच, ए, एस असं लिहायचं. पैसे लागत नाहीत, वाचायला खातं काढावं लागत नाही, मांडणी आयरिश आणि इंग्रजी दोन्हीत आहे. यूसीडी या डब्लिनच्या विद्यापीठातल्या राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहाची बाडं इथं पानापानाने ठेवली आहेत. हे परीक्षण त्यातल्या एकाच दालनाचं, शाळा संग्रहाचं. छायाचित्रांचं दालनही सुरेख आहे, पण दुष्काळासाठी निरुपयोगी. खेड्यापाड्यांत कॅमेरा पोचेपर्यंत ती पिढी गेली होती.

आधी माल काय आहे ते. आयरिश लोकसाहित्य आयोग 1935 साली स्थापन झाला. 1937 ते 1939 या काळात त्याने प्राथमिक शाळांना कामाला लावलं. पाचवी-सहावीच्या, म्हणजे साधारण 11 ते 14 वर्षांच्या मुलांनी निबंधाच्या तासाला निबंधाऐवजी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं लिहून आणायचं. शिक्षकांना 55 विषयांची एक पुस्तिका दिलेली होती. जवळपास 5,000 शाळांमधून 7,40,000 पानं जमली. त्यातली 2,88,000 मुलांच्या मूळ वह्यांतली आणि 4,51,000 बांधलेल्या बाडांतली. बाडं 1,128 आहेत. बाडातला मजकूर म्हणजे मुलांच्या लेखनातून निवडून मोठ्या वहीत सुवाच्य उतरवलेली प्रत. अक्षर सुबक आणि वाक्यं जरा जास्तच नेटकी वाटली तर हे लक्षात असू द्या. त्याच शाळेच्या मूळ वह्या संकेतस्थळावर असतील तर त्या उघडा. बाडात न आलेली ओळ कधीकधी वहीत सापडते.

दोन मोठी भगदाडं सुरुवातीलाच सांगितलेली बरी. संग्रह 26 काउंट्यांचा, म्हणजे जिल्ह्यांचा, आहे. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्या त्यात नाहीत, त्यामुळे बेलफास्ट किंवा डेरीच्या आसपासचं गाव शोधून वेळ घालवू नका. आणि डब्लिन, कॉर्क, लिमरिक, वॉटरफर्ड या शहरांतल्या शाळांना सूट होती. कॉर्क किंवा डब्लिनला राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला शाळेत 'आपल्या भागाचा इतिहास' असा प्रकल्प मिळाला, तर शहराचं नाव टाकून फारसं काही येणार नाही. काउंटीच्या यादीतून शहराबाहेरची शाळा निवडा.

आता पान कसं वाचायचं. डाव्या हाताला हस्तलिखिताचं चित्र, शेजारी टाइप केलेला मजकूर, आणि खाली तपशील: लिहिणाऱ्या मुलाचं नाव, पत्ता, सांगणाऱ्याचं नाव, नातं, वय, पत्ता. लोक मजकूर वाचून पुढं जातात. खरं तर सगळ्यात आधी बघायचं ते सांगणाऱ्याचं वय, कारण सगळा हिशेब तिथं आहे.

सांगणारा 1938 साली 70 वर्षांचा असेल तर त्याचा जन्म 1868 चा. बटाट्यावर करपा पहिल्यांदा पडला 1845 च्या सप्टेंबरात. म्हणजे हा माणूस मोठ्या दुष्काळानंतर वीसेक वर्षांनी जन्मला. तो सांगतोय ते आईबापांचं. पण 1879-80 साली पश्चिमेकडे पीक पुन्हा बुडालं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पानावर मूल मात्र बिनदिक्कत 'काळं सत्तेचाळीस', म्हणजे 1847, लिहून मोकळं होतं, कारण शाळेत तेच साल शिकवलेलं. भूक एकाची आणि साल दुसऱ्याचं, अशी सरमिसळ या संग्रहात जागोजागी आहे. स्वतः दुष्काळ भोगलेला सांगणारा हवा असेल तर वय नव्वदीच्या पुढचं पाहिजे, आणि तेव्हा तोही तान्हा किंवा रांगता असणार.

वयावरही डोळे मिटून विश्वास नको. 1901 आणि 1911 ची जनगणना आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सांगणाऱ्याचं नाव आणि वाडी तिथं टाकून बघा. 1901 ला 58 असलेली माणसं 1911 ला 72 ची झालेली दिसली तर चक्रावू नका. 1909 च्या जानेवारीपासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं होतं, आणि बऱ्याच जणांचं वय त्या दहा वर्षांत जरा जोरातच वाढलं. हिशेबाला 1901 चा आकडा धरावा.

आता मुख्य तक्रार, आणि ती संकेतस्थळापेक्षा ते वापरणाऱ्यांबद्दल जास्त आहे. पुस्तिकेत 'दुष्काळाचे दिवस' असा एक विषय होता. सगळे तोच उघडतात, आणि पाच-पंचवीस पानांत कंटाळतात. त्या मथळ्याखालची बरीच पानं एकाच साच्यातली आहेत: बटाटे सडले, लोक मेले, सरकारने सूप दिलं, पुष्कळ जण अमेरिकेला गेले. मुलाला विषय दिला, मुलाने विषयाला धरून लिहिलं. काही ठिकाणी तर पाठ्यपुस्तकाची ओळ तशीच आलेली कळते. वाडीचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, शेताचं नाव नाही, फक्त 'आयर्लंडमध्ये' अशी सुरुवात, हे ओळखायची खूण.

शिवाय एक पालुपद वारंवार येतं: आमच्या भागात फार झळ लागली नाही, पलीकडच्या गावात मात्र माणसं रस्त्यावर पडली. आणि पलीकडच्या गावच्या शाळेचं बाड उघडलं की तिथं याच गावाकडे बोट. याला खोटेपणा म्हणू नये. सांगणारे जगलेल्यांचे वंशज आहेत. जे पूर्ण घरंच्या घरं संपली त्यांच्या बाजूने सांगायला 1938 साली कुणी उरलं नव्हतं. संग्रहाची ही उणीव कुठल्याही शोधपेटीने भरून येणारी नाही.

खरा माल इतर मथळ्यांखाली आहे. 'गावातले रस्ते', 'पूर्वीचं खाणं', 'बटाट्याचं पीक', 'जुनी दफनभूमी', 'जमीनदार', 'खरेदी-विक्री', 'भाकरी'. तिथं मूल रस्त्याबद्दल लिहीत असतं आणि दुष्काळ मध्येच येऊन जातो. म्हणूनच तो जास्त भरवशाचा असतो.

रस्त्यांचंच घ्या. अमुक वळणापासून टेकडीपर्यंतचा रस्ता वाईट काळात झाला, मजुरी दिवसाला चार पेन्स, दगड पाठीवरून आणले, आणि रस्ता दलदलीत जाऊन संपतो. अशा मजकुराची पानं पुष्कळ आहेत. चार पेन्सचा आकडा सरकारी दराशी जुळत नाही, तो आठ-दहा पेन्सच्या आसपास असे. पण काम उक्तं केल्यावर पैसे कामाच्या मापाने मिळू लागले, आणि उपाशी माणसाच्या हातून मापाचं काम होत नव्हतं. त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. रस्ता मध्येच का संपतो याचंही उत्तर आहे. एकट्या जमीनदाराचा फायदा होईल असं काम काढायचं नाही, असा नियम होता, म्हणून गरज नसलेल्या ठिकाणी रस्ते निघाले. 1847 च्या मार्चमध्ये या कामांवर सात लाखांवर माणसं होती. त्याच महिन्यात कपात सुरू झाली आणि सरकार सूपकेंद्रांकडे वळलं. जिथवर खडी पडली होती तिथंच रस्ता थांबला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे पान वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सूपकेंद्रांच्या पानांवर मापं येतात, ती पडताळून बघण्यासारखी आहेत. 1847 च्या कायद्याने ठरलेला माणशी शिधा असा: दीड पौंड पाव, किंवा एक पौंड पीठ अथवा बिस्किट, किंवा पीठ घालून दाट केलेलं एक क्वार्ट सूप आणि वर थोडा पाव. नऊ वर्षांखालच्या मुलाला अर्धं. क्वार्ट म्हणजे सव्वा लिटरला थोडं कमी. जुलैत रोज तीस लाख माणसं या शिध्यावर होती. पानावर 'माणशी एक कॅन' असं आलं तर ते याच मापाशी ताडून पाहा. सूप वाटायची लोखंडी कढई नंतर कुठल्या शेतात गुरांच्या पाण्याला ठेवली, हेही काही पानांत असतं. अशा वेळी वाडीचं नाव टिपून घ्या.

'यलो मील' हा शब्द सगळ्यात फसवा. म्हणजे मक्याचं पिवळं पीठ. ब्रिटिश सरकारने 1845 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतून एक लाख पौंड किमतीचा मका मागवला. तो कठीण दाण्याचा होता आणि तिथल्या पिठाच्या गिरण्यांना झेपत नव्हता. एकदाच दळलेलं भरड पीठ, त्यात जळण कमी, म्हणजे शिजणंही अर्धवट. पोटाचे हाल झाले, आणि पंतप्रधान पील यांच्या नावाने 'पीलचं गंधक' असं त्याला नाव पडलं. आपल्याकडे बहात्तरला मिलो ज्वारीने जी जागा घेतली तीच ही. पण फरक असा, की तिकडे मका गेला नाही. पश्चिमेकडच्या गरीब घरांत तो पुढं कित्येक दशकं रोजच्या खाण्यात राहिला. पाण्यात किंवा दुधात ढवळून केलेल्या त्या लापशीला तिकडे 'स्टिराबाउट' म्हणतात. म्हणून पानावर यलो मील दिसलं की लगेच 1847 असं धरू नका. तीच गत फवारणीची. 'बटाट्याचं पीक' या मथळ्याखाली मोरचूद आणि धुण्याचा सोडा मिसळून फवारायची कृती येते. ती 1880 च्या दशकानंतरची. मोठ्या दुष्काळात करप्यावर उपायच माहीत नव्हता.

समजुतींचा भाग मोठा आहे आणि तो वगळू नये. 'फेअर गोर्तख', म्हणजे भुकेलं गवत, हे शोधून पाहाच. रानात एक गवताचा पट्टा असतो, त्यावर पाय पडला की चालत्या माणसाला अचानक भुकेची भोवळ येते. उपाय एकच, खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि एक घास खायचा. ते गवत का उगवतं याची कारणं मात्र पानागणिक वेगळी: तिथं दुष्काळात कुणी मेलं, तिथं प्रेत टेकवलं, किंवा तिथं बसून जेवणाऱ्याने चार कण मागं ठेवले नाहीत. करपा का पडला याचंही लोकांचं उत्तर ठरलेलं आहे: आदल्या वर्षी बटाटे इतके आले की लोकांनी बांधावर फेकले, त्याची शिक्षा. रात्री दाट धुकं आलं आणि सकाळी शेतातून कुजका वास, हे वर्णन मात्र रोगाच्या स्वभावाशी नीट जुळतं. दमट हवेत तो झपाट्यानं पसरतो.

शोध घालताना घ्यायची काळजी. शब्दशोध टाइप केलेल्या मजकुरात चालतो, चित्रात नाही. ज्या पानाचं टंकन झालेलं नाही ते शब्द टाकून कधीच येणार नाही. म्हणून शब्दशोधावर थांबू नका. काउंटी, मग शाळा, मग बाड अशा वाटेने जाऊन पानं उलटा. विषयसूचीतही मोठ्या दुष्काळाची वेगळी नोंद आहे, पण तिच्याखाली हजारो पानं आहेत, तेव्हा आधी काउंटी लावून घ्या.

आयरिश पानांचं गणित आणखी वेगळं. बरीचशी जुन्या गेलिक लिपीत आहेत. व्यंजनावर टिंब असेल तर पुढं 'एच' आहे असं समजायचं. 'आर' आणि 'एस' सारखेच दिसतात, तिथं ठेच लागते. सातच्या आकड्यासारखं चिन्ह दिसलं तर तो आकडा नव्हे, तो 'आणि'. शुद्धलेखन 1940 च्या दशकातल्या सुधारणेच्या आधीचं. आयरिश बोलणारी माणसं दुष्काळाला 'अन गोर्ता मोर' (मोठा दुष्काळ) म्हणतात त्यापेक्षा जास्त 'अन द्रॉखहील' म्हणतात, अर्थ 'वाईट काळ'. त्यातल्या 'साओल' या शब्दाचं आजचं स्पेलिंग टाकून जुनी पानं येत नाहीत. मधे 'जी, एच' असलेलं जुनं स्पेलिंग टाका, जोडून, तोडून आणि मधे आडवी रेघ देऊन, असं तिन्ही प्रकारे.

मापांची गल्लतही होते. पानावर 'मैल' असेल तर तो आयरिश मैल असू शकतो, 2,240 यार्डांचा, म्हणजे दोन किलोमीटरहून थोडा जास्त. आयरिश एकर आपल्या ओळखीच्या एकराच्या 1.62 पट. स्टोन म्हणजे 14 पौंड, सव्वासहा किलोच्या थोडं वर. 'बॅरल' तर धान्यागणिक बदलतं: बटाट्याचं 20 स्टोन, ओटचं 14. एका शिलिंगात 12 पेन्स. हे न बघता केलेले बेरीज-वजाबाकीचे तक्ते सर्रास दिसतात आणि ते सगळे चुकलेले असतात.

पडताळणीसाठी दोन गोष्टी हाताशी ठेवा. 1851 च्या जनगणनेत वाडीवार 1841 आणि 1851 ची घरं आणि माणसं शेजारी-शेजारी छापलेली आहेत. देशाची लोकसंख्या त्या दहा वर्षांत 81 लाखांवरून 65 लाखांवर आली, पण वाडीचा आकडा बघितल्याशिवाय पानावरच्या 'तीस घरं होती, तीन उरली' या वाक्याला अर्थ येत नाही. दुसरी म्हणजे 1847 ते 1864 मधली ग्रिफिथची जमीन आकारणी, म्हणजे करासाठी केलेलं मूल्यांकन. कुठलं शेत कुणाच्या ताब्यात, हे नावानिशी आणि नकाशासकट. पानावरचं आडनाव तिथं सापडलं तर आठवणीला जमीन मिळते. एक खबरदारी: डोंगरउतारावर दिसणारे जुने सरी-वरंबे सगळे दुष्काळातलेच, असं पानं सांगतात. वरंबे त्याआधीचे आणि नंतरचेही असू शकतात.

नाजूक भाग एकच. प्रोटेस्टंट सूपकेंद्रावर जाऊन धर्म सोडला असा आरोप असलेल्यांना 'सूपर' म्हणत, आणि हा शब्द घराण्याला चिकटत असे. बेदखल झालेल्या शेजाऱ्याची जमीन कुणी घेतली, गोंबीनने म्हणजे तिथल्या सावकाराने कुणाला बुडवलं, हेही नावानिशी लिहिलेलं आहे. त्या घरांचे वारस आजही त्याच वाडीत राहतात. अकरा वर्षांच्या मुलाने ऐकीव लिहिलेली ओळ म्हणून ती वाचावी. फोटो काढून समाजमाध्यमांवर आडनावासकट टाकायची ती गोष्ट नाही.

टंकनाचं काम लोकांच्या हातून होतं. त्या उपक्रमाचं नाव 'मेहल', म्हणजे आपलं सावड किंवा इर्जिक. नोंदणी करून कुणीही पान घेऊ शकतं. इंग्रजी पानांना फक्त धीर लागतो. चुका आहेत तशा ठेवायच्या, स्पेलिंग सुधारायचं नाही, कारण ती स्पेलिंगं त्या मुलाच्या तोंडचा उच्चार सांगतात. सापडलेलं वापरायला परवानगी सैल आहे: ना-नफा वापर चालतो, श्रेय राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रह, यूसीडी यांना द्यायचं, सोबत बाड आणि पान क्रमांक. क्रमांक न टिपता पान बंद केलंत तर पुन्हा शोधताना नाकी नऊ येतील.

एवढं वाचूनही मोठ्यांच्या तोंडचं हवं असेल तर आयोगाने 1945 साली, दुष्काळाच्या शताब्दीला, खास दुष्काळावर प्रश्नावली पाठवली होती. तिची उत्तरं मुख्य हस्तलिखित संग्रहाच्या 1068 ते 1075 या बाडांत आहेत. प्रश्न नेमके होते, उत्तरं देणारे जाणते होते, त्यामुळे तपशील शाळा संग्रहापेक्षा घट्ट. मुख्य संग्रह टप्प्याटप्प्याने त्याच संकेतस्थळावर येतो आहे. हवं ते बाड तिथं दिसलं नाही तर डब्लिनला संग्रहात जाऊन बघावं लागेल.

पहिल्या बैठकीला फार पसारा नको. एक काउंटी, एक शाळा, 'गावातले रस्ते' आणि 'पूर्वीचं खाणं' हे दोनच मथळे. वाडीचं नाव, सांगणाऱ्याचं वय, पैशाचा किंवा मापाचा आकडा आणि बाड-पान, असे चार रकाने वहीत पाडा. मग 1851 ची जनगणना उघडा आणि त्या वाडीतली घरं मोजा.